ओल्या भिंतींचं घर

बाबा,

तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होत आली आणि आज लिहायला बसले आहे ते भिंतींबद्दल. गेल्या पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं आणि नदीकाठच्या आमच्या सोसायटीत, तळमजल्यावर, म्हणजे माझ्याच घरात, खांद्याएवढं पाणी शिरलं. सोडण्याआधी कळवलं होतं म्हणे. कुणाला, ते अजून समजलेलं नाही. पाणी उतरल्यावर खिचडी वाटणारे आले. पातेल्यापेक्षा त्यांचा बॅनर मोठा होता. पंचनामा करणारा दारातूनच डोकावला आणि सही घेऊन गेला. काय लिहिलं ते दाखवायला तयार नव्हता. मग चेअरमनसाहेबांनी आणलेला कंत्राटदार आला. भिंतींना अजून ओल होती, तरी पंधरा दिवसांत पुट्टी, रंग, सगळं उरकून मोकळा. पाण्याची तपकिरी रेघ त्याने सगळ्यात आधी झाकली. "काकू, दहा वर्षं बघायला नको," म्हणाला. बघायला का नको, हेच मला खटकलं. चेअरमन म्हणतात, "अहो, आपण बाहेर बोलत बसू नका. उद्या इथे फ्लॅट कोण घेईल?" ते स्वतः चौथ्या मजल्यावर राहतात. दोघांचं आतून काहीतरी शिजलंय, असं मी शेजारणीला सांगितलं. तेव्हापासून तिचाही मला संशय येतो, कारण ती फार पटकन हो म्हणाली.

मी आठ वर्षांची होते तेव्हाचा तो मोठा पूर. तुम्ही गवंडी, आणि अख्खं शहर पडलेलं, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. आईने दिलेला डबा घेऊन मी मंडईमागच्या, तुमचं काम चालू असलेल्या घरात यायची तेव्हा तुम्ही डोळे मिटून भिंतीला गाल लावून उभे असायचात. हात चुन्याने राठ झालेले, त्यांना ओल कळायची नाही. मालकाच्या घरी लग्न होतं आणि त्याला गिलावा आठ दिवसांत हवा होता. ओल्या भिंतीवर लावणार नाही म्हणून तुम्ही थापी धुऊन पिशवीत ठेवलीत आणि घरी आलात. घरात पीठ संपत आलेलं. मी जेवताना म्हणाले, "वाळली म्हणून सांगा की, त्यांना काय कळतंय?" तुम्ही घास खाली ठेवलात. "तिथं राहनार कोन हाय? त्यांची लेकरंच ना?" एवढंच. मग दोन दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. मला तुमचा भयंकर राग आला होता, आणि खरं सांगायचं तर त्यातला थोडा अजून शिल्लक आहे.

मी हे घर विकते आहे. कर्वेनगरात मुलाजवळ दुसऱ्या मजल्यावर एक बघून ठेवलंय. आता पावसाचा आवाज आला की मी उठून दार बघते, बाबा, मला इथे राहवत नाही. परवा एक जोडपं बघायला आलं, सोबत दीड वर्षाची मुलगी. त्या दोघांवरही मला संशयच आला, इतकं गोड कोण बोलतं? नवरा खिडक्या मोजत होता. बायकोने मला स्वयंपाकघरात गाठलं आणि हळूच विचारलं, "काकू, एजंट काही सांगत नाही. खरं सांगा, पाणी कुठपर्यंत आलं होतं?"

"गेटपर्यंत," मी म्हणाले. "आत नाही आलं."

तिने सुटकेचा निःश्वास टाकला. "बरं झालं तुम्ही भेटलात," म्हणाली, आणि पोरीला खाली सोडलं. ती भिंतीला धरून धरून स्वयंपाकघरभर चालली.

रविवारी ते पुन्हा येणार आहेत. खरं तर हे सगळं तिला लिहायला हवं. तिचा नंबर माझ्याकडे आहे. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्हाला पाठवावं लागत नाही.