बंबात गेलेली विज्ञानकथा

बाबा, तू जाऊन बरीच वर्षं झाली, पण माझा राग काही तुझ्याबरोबर गेला नाही. तुझ्या फोटोला हार घालते, श्राद्धाला पान वाढते आणि दर वेळी मनात तेच येतं, की तू माझी पुस्तकं जाळलीस.

आठवीत विज्ञानात पहिली आले म्हणून शाळेतल्या बाईंनी मला विज्ञानकथांची दोन पुस्तकं दिली होती. तोवर आपल्या घरात छापील असं फक्त पंचांग. माजिवड्याला, आपल्या गावी, तेव्हा घरामागे भातशेती होती. मी पेंढ्याच्या माळ्यावर चढून वाचायचे. एका गोष्टीत एक बाई एकटीच यान घेऊन शनीच्या कड्यांपर्यंत जाते, आणि कुणाबरोबर चाललीस, कधी येशील, असं तिला कोणी म्हणजे कोणी विचारत नाही. खालून आई ओरडतेय, "अगो, मासली कावल्यान नेली!" आणि मी शनीपाशीच.

दहावीनंतर सायन्स घेते म्हणाले. तू जेवत होतास, हात धुऊन झोपायला गेलास. सकाळी अंघोळीला आले तर तू पाण्याच्या बंबासमोर उकिडवा बसून पानं आत घालत होतास. एकेक फाडून, बाबा. "ह्या पुस्तकांनीच तुजं डोकं फिरवलंय. पोरीच्या जातीला आभालान काय काम हाय?" आणि वर म्हणालास, "पानी तापलंय, आंघोल करून घे." त्या पाण्याला मी हात लावला नाही. बाई तुला समजवायला घरी आल्या. तू त्यांना चहा दिलास, आदराने रस्त्यापर्यंत सोडलंस आणि दुसऱ्या दिवशी मला कॉमर्सला घातलंस.

लग्न होऊन मी डोंबिवलीला आले, पतपेढीत लागले. तू एकदा राहायला आला होतास तेव्हा टीव्हीवर बातमी होती, आपलं यान मंगळापाशी पोहोचलं. साड्या नेसलेल्या शास्त्रज्ञ बायका टाळ्या वाजवत होत्या आणि तुझे डोळे भरून आले होते. माझ्या तिसरीतल्या मुलाला जवळ ओढून तू म्हणालास, "तू सायंटिस हो, बाला." मी चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभी. विचारलं, "बाबा, माझी पुस्तकं आठवतात?"

"कंची गो?"

तू खरंच विसरला होतास. नाकबूल केलं असतंस तर भांडले असते. विसरलेल्या माणसाशी भांडायचं तरी कसं? माझ्या आयुष्याची दिशा बदललीस आणि तुला ते एखाद्या दिवशीच्या भाजीइतकंही लक्षात राहिलं नाही. वर्षभरात तू गेलास, आणि रडताना मी रागावलेलीच होते.

हे मी कोणाला वाचायला देणार नाही, तुला देव मानणाऱ्या माझ्या भावाला तर नाहीच. फक्त एक सांगते. मुलाने यंदा इंजिनीअरिंग सोडलं. त्याला आचारी व्हायचंय. घरात सगळे तोंड पाडून बसले होते, मीही बसले. मग स्वयंपाकघरात गेले, दार लोटलं, आणि तुला हे किती लागलं असतं या विचाराने मला, बाबा, फार बरं वाटलं.