शेळीच्या गळ्यातली घंटी

हसनाबाद,
गुरुवार, ६ नोव्हेंबर २०२५

धर्मराजभाऊंना सुरेखाचा नमस्कार.

वहिनींचे गुडघे कसे आहेत? माझी दोन्ही लेकरं अंबडला आईजवळ आहेत. मी तीन आठवड्यांपासून इथे साखराआत्याकडे राहते. फोन बंद ठेवलाय; वाजला की मी अंगणात पळते. म्हणून हे पत्र बबलूच्या एसटीने पाठवते. तो कंडक्टर असला तरी उघडून वाचणार नाही, तेवढा भला आहे.

दुर्गाबाईंच्या पायाचं प्लास्टर निघालं का? कुणाला विचारायची हिंमत होत नाही.

डॉक्टर म्हणाले, रोज मोकळ्या रानात हिंडा, छातीतली धडधड कमी होईल. आत्याच्या मेंढ्यांमागे माळावर जाते. पहिल्या दिवशी मी झपाझप पुढे निघाले, तर आत्या ओरडली, "अगं, तुला कुठं टायमावर पोचायचंय? मेंढरू थांबलं की आपुन थांबावं."

आता थांबते. मेंढ्या गवत तोडतात त्याचा करकर आवाज येतो. ओढ्याला अजून पाणी आहे. बाभळीला पाठ टेकली की श्वास आपोआप लांब होतो. खरंच बरं वाटतं, भाऊ. पण ते टिकत नव्हतं.

कळपाच्या पुढे एक शेळी चालते, तिच्या गळ्यात घंटी. ती वाजली की माझ्या छातीत पुन्हा सगळं सुरू. मंगळवारी आत्या पाणी आणायला गेली, तेव्हा मी ती घंटी सोडून ओढणीच्या गाठीत बांधली. माळ एकदम शांत झाला. कितीतरी दिवसांनी मला झोप लागली.

उठले तर मेंढ्या तीन दिशांना पांगलेल्या. नेहमी मागे राहणारी लंगडी मेंढी कुठेच नव्हती. ऊन उतरेपर्यंत आम्ही दोघी ओढ्याच्या कडेने हाका मारत फिरलो. शेवटी काटेरी जाळीत अडकलेली सापडली, पाय रक्ताने भरलेला. आत्याने एकेक काटा काढला, मग विचारलं,

"घंटी कुठं गेली?"

"मी सोडली. आवाज सहन होत न्हाई."

"अन् मागच्यांनी काय ऐकून चालावं? तुला बरं वाटावं म्हणून लंगडीचा पाय जाऊ द्यायचा का?"

मी रडायला लागले. आत्याला वाटलं, मेंढीसाठी.

भाऊ, त्या दिवशी केदारखेडा फाट्यावर माझ्या तिकिटाच्या मशीनमध्ये कागद अडकला होता. तुम्ही ड्रायव्हर सीटवरून आरशात बघून हसत म्हणालात, "ताई, मशीनची पूजा झाली का? जल्दी कर." मी मागे न बघता बेलची दोरी ओढली. गाडी काढायचे दोन टोले. उतरणाऱ्या दुर्गाबाईंचा एक पाय अजून पायरीवर होता; गाडी हलली अन् त्या खाली पडल्या.

चौकशीत तुम्ही सांगितलंत, "बेल झालीच नव्हती, मीच गाडी काढली." बाहेर येऊन मला म्हणालात, "तू गप राह्य. तुझी लेकरं लहान हायेत. माझी नोकरीची तीनच वर्षं राह्यली." मी गप राहिले. तुम्हाला घरी बसवलं, तरी गप राहिले, आणि आजारी रजा टाकून इथे आले.

घंटी आत्याने माझ्याच हाताने परत बांधायला लावली. ती वाजते, छाती अजूनही धडधडते. पण आता मान वळवून शेवटची मेंढी येईपर्यंत बघते.

सोमवारी चौकशीची शेवटची तारीख. मी डेपोत येतेय. भीती तेवढीच आहे. हे लिहिताना दोनदा उठून लिंबाखाली जाऊन बसले. तिथे श्वास सापडला की परत आत येऊन लिहिते. साहेबांसमोर तुम्ही "ही मला वाचवायला खोटं बोलून राह्यली" असं म्हणायचं नाही. तुमच्याकडे एवढंच मागते.

लंगडी आज चालली. सगळ्यात मागे, पण चालली.

त्या दिवशी बेल देणारी,
तुमची कंडक्टर
सुरेखा