आईवर केलेला सराव

२ जून, सोमवार
एक जुलैपासून पेशंटच्या घरी जाऊन करायच्या तपासणीचे नियम बदलणार. नवा फॉर्म, नवे प्रश्न. विमा सरकारी असो की खासगी, प्रत्येकाचा भरायचा. आमच्या नर्सिंग एजन्सीतल्या अकराही नर्सेस घाबरल्यात. मी नाही, मी ट्रेनिंग प्रमुख. संकल्प: वीस तारखेपर्यंत सगळं तयार. रोज नियमपुस्तिकेचं एक प्रकरण वाचणार. आज अनुक्रमणिका पाहिली.

५ जून
वाचन झालं नाही. फाइलला रंगीत कप्पे लावले. पाया पक्का हवा. पोस्टरही केलं: 'विचारू नका, बघा.' म्हणजे आंघोळ जमते का असं विचारायचं नाही, टबात पाय टाकायला लावायचा. पेशंट सर्रास थापा मारतात. ट्रूडी ब्लँकेनशिप नावाची आमची नर्स तीस वर्षं या डोंगरात घरोघरी फिरतेय. तिनं विचारलं, व्हर्लिन, तू शेवटचा पेशंट कधी बघितलास रे? म्हटलं, सेनापती तंबूतच असतो. हसली. जळते माझ्यावर.

९ जून, सकाळी ७
बसवत नाही. तीनदा उठलो, तीनदा बसलो. कॉफी चौथी. प्रत्यक्ष सराव हवा. आई आहेच घरात. ओपल, वय चौऱ्याऐंशी, ठणठणीत.

९ जून, ७.२०
सराव पूर्ण. मी टाइप करत होतो, आई माझ्या मागे आरामखुर्चीत. चालतेस? चालते. कपडे, आंघोळ, औषधं? म्हणाली, सगळं माझं मी करते, तू आपल्या पँटी तेवढ्या धुवायला टाकत जा. सगळीकडे 'स्वतंत्र'. वीस मिनिटांत फॉर्म! बाकीच्यांना दोन तास लागतात. हाच नमुना म्हणून वाटणार.

१६ जून
ट्रेनिंग. सात जणी आल्या, त्यातल्या दोघी डोनटसाठी. नमुना वाटला. ट्रूडीनं विचारलं, ही पेशंट झोपते कुठे? म्हटलं, पलंगावर, आणखी कुठे. म्हणाली, बघितलंस का? शिवाय आई हल्ली चर्चला सपाता घालून येते, असंही ऐकवलं. बाई देवाचं नाव घ्यायला जाते की लोकांचे पाय बघायला?

२१ जून
वीस तारीख गेली. सुधारित संकल्प: अठ्ठावीस. नुसती घालमेल. आईला जाता जाता विचारलं, बरी आहेस ना? म्हणाली, मला काय धाड भरलीय? कामाला लागलो. कप्प्यांचे रंग बदलले.

२६ जून
ट्रूडी घरी आली, मक्याचा ब्रेड द्यायचं निमित्त. आईला काही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, ओपलबाई, जरा पलंगावर पडून दाखवा बरं. आईला पाय उचलून वर घेताच येईना. दोन महिने ती खुर्चीतच झोपतेय. मोजा काढला तर टाचेला जखम, चांगली नाण्याएवढी. मी नर्स आहे. पलीकडच्याच खोलीत झोपतो.

सांगितलं का नाहीस विचारलं, तर म्हणाली, तू ते कागदावर लिहिशील आणि मला वृद्धाश्रमात नेऊन टाकतील. आणि तू पाठ करून बसलेला, पाठीला काय सांगायचं होतं?

फार लाज वाटली. (टेबल आईच्या खुर्चीकडे तोंड करून लावणे.)

२७ जून
डॉक्टर म्हणाले, जखम घरी भरली तर उत्तम, नाहीतर आईला हलवावं लागेल. आईनं खुर्चीचा हात घट्ट धरून ठेवला होता. आज फाइल उघडली नाही.

१ जुलै, मंगळवार
नियम लागू. एजन्सीचा पहिला नवा फॉर्म आईचा. ट्रूडीनं भरला, दोन तास दहा मिनिटं. आई तूर्त घरीच. ट्रूडी आठवड्यातून तीनदा येणार, बाकीचे दिवस पट्टी मी बदलायची.

एक प्रश्न होता, घरात मदतीला कोण? मी सांगितलं, मुलगा, स्वतः नर्स, ट्रेनिंग प्रमुख. ट्रूडीनं पर्याय सावकाश वाचले आणि खूण केली: 'मदतनीस आहे, पण त्याला ट्रेनिंगची गरज.' आई म्हणाली, बरोबर लिहिलंस गं.

प्रत्येक फॉर्ममधल्या चुका शोधून मगच सही करायची, हे काम माझं. दोनदा वाचला. एकही सापडली नाही. सही केली.