आईचं ताट

अकोला, ता. १० मार्च १९१९

ती. सौ. ताईच्या सेवेशी, हरिहरचा शि. सा. न. वि. वि.

कॉलेज अर्ध्यावर सोडलं म्हणून दोन महिने तुझं पत्र नाही. नसू दे, पण हे वाच. खुशालराव गुरुजींच्या मुलींच्या वसतिशाळेत मी शिकवतो आहे. कुंदासाठी अकोल्यात येऊन बसलो, असं तू म्हणशील. खरं आहे. पण हे पत्र तिच्यासाठी नाही.

वलगावची सुभद्रा, वय सात. मानमोडीच्या तापात आईबाप चार दिवसांत गेले. तेव्हापासून ती बोलत नाही. जेवताना शेजारी आईचं रिकामं ताट मांडते. गुरुजी ते कुणाला उचलू देत नाहीत. मुलींचं दुपारचं जेवण गावातली घरं वार लावून, म्हणजे आठवड्यातला एकेक दिवस वाटून घेऊन, देतात. सुभद्रेचा रविवार बापूसाहेब वकिलांकडे, म्हणजे कुंदाच्याच वडिलांकडे.

काल तिला आणायला गेलो. बघतो तर पाहुणे जमलेले, आणि आई कशी गेली ते सांग म्हणून सगळे तिच्या मागे लागलेले. बायका पदर हातात घेऊन रडायला तयार. माझं डोकं फिरलं. पोरीला भरल्या पानावरून उचललं आणि बापूसाहेबांना सुनावलं, की तमाशा पाहायचा तर तिकीट काढून पाहा.

रविवारचा वार गेला. तिचा काका सूर्यभान म्हणतो, पाडव्यापर्यंत सातही वार लागले तर ठेवा, नाहीतर नेतो आणि लग्न लावून टाकतो. आज दिवसभर अकरा घरं फिरलो. वकिलांनी सोडलेला वार कुणी घेईना. काय करू ते लिही. रागावलीस तरी लोभ सोडू नकोस.

तुझा हरिहर

अमरावती, ता. १४ मार्च

चि. हरिहर यास ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून तुझे भावजी म्हणाले, सासरा व्हायच्या आधीच भांडण उरकलं. मला हसू आलं नाही. बोललास ते खरं, पण पोरीला पानावरून उचलताना तिला विचारलंस?

आई गेली तेव्हा तू पाच वर्षांचा. विचारील त्याला सांगायचास, आई परतवाड्याला मावशीकडे गेली आहे. बाबांनी खोटारडा म्हणून मारलं. मी मात्र रोज विचारायची, आज तिकडे आई काय जेवली रे? तू वांग्याच्या भाजीपासून सगळं सांगायचास आणि मग स्वतः जेवायचास. विसरलास वाटतं.

जा, माफी माग. कुंदासाठी नाही, रविवारासाठी. उत्तर येईपर्यंत माझा राग आहेच, मायाही आहे.

ताई

अकोला, ता. २४ मार्च

ती. सौ. ताईस शि. सा. न. वि. वि.

गेलो. बापूसाहेबांनी अर्धा तास अंगणात उभं ठेवलं. मग म्हणाले, वार परत देतो, पोरीला कुणी काही विचारणार नाही. पण तू या दारात पुन्हा पाय ठेवायचा नाही. कुंदा दाराआड उभी होती. तिच्या देखत मी हो म्हणालो.

त्या संध्याकाळी सुभद्रेनं मांडलेल्या रिकाम्या ताटाशी बसलो आणि विचारलं, तुझ्या आईला भाकरीसंगे काय आवडते? तिनं मान वर केली. मग म्हणाली, "मिरचीचा ठेसा." पाच महिन्यांतले पहिले शब्द. स्वयंपाकघरातल्या मैनाबाई रडायला लागल्या, तर गुरुजींनी त्यांना खुणेनंच पाटा-वरवंट्याकडे पाठवलं.

आता रविवारी मी तिला गल्लीच्या तोंडाशी सोडतो आणि निंबाखाली थांबतो. काल परतताना म्हणाली, कुंदाताई पुसत होती, मास्तर उन्हात काहून उभे राह्यते. परवा सूर्यभान येऊन सातही घरं पाहून गेला आणि पोरीचं बोलणं ऐकून एकटाच परतला.

आज आणखी एक मुलगी आली, दर्यापूरकडची. भिंतीकडे तोंड करून बसली, जेवेना. सुभद्रेनं आईचं ताट उचललं, परकरानं पुसलं, त्यात भाकरी आणि ठेसा वाढला आणि तिच्यापुढे सरकवलं.

"जेव तू. माही माय काही नाही म्हनत."

कॉलेजचं आता विचारू नकोस. या नव्या पोरीसाठी सात घरं शोधायची आहेत; उद्या सकाळीच निघतो. तुझी माया अशीच पाठीशी असू दे.

तुझा हरिहर