भोरला ज्युनिअर पाहिजे

बाई, परवा आपल्या लॉ कॉलेजात जाऊन आले. शिक्षण संपल्यावर पुढं काय, यावर मुलांशी बोलायला बोलावलं होतं. स्टेजवर एका कंपनीचे वकील, एक निवृत्त न्यायाधीश, परदेशी शिकून आलेली एक तरुण वकील आणि टोकाच्या खुर्चीत मी. तुम्ही अशाच कार्यक्रमाला आलात तेव्हा मी शेवटच्या वर्षाला होते. बाकीचे पाहुणे मुंबई-दिल्लीचं सांगून बसले आणि तुम्ही माइक हातात घेऊन म्हणालात, "मला भोरला ज्युनिअर पाहिजे. काम पुष्कळ, एसट्या कमी. कोण येतंय?" सगळा हॉल हसला. मी मात्र हात वर केला. हिर्डोशीची पोर मी, मला भोर कुठं लांब होतं! तुम्ही स्टेजवरून उतरून थेट माझ्यापाशी आलात. "ये मग. डबा घेऊन ये," एवढंच म्हणालात.

तुमच्या ऑफिसातले ते पहिले दिवस. वेल्ह्याकडच्या धनगरवाड्यावरची एक म्हातारी आली आहे. मुलानं घराबाहेर काढलं म्हणून दावा लावायचाय. ती शेळ्यांचं सांगते, सुनेचं सांगते, पुन्हा शेळ्यांवर येते. मी पेन उघडून बसलेली. न राहवून म्हणते, "आजी, मुद्द्याचं बोला ना." तुम्ही माझ्याकडे न बघताच बोलता, "मुद्दा त्यांचा आहे. तू ऐक." माझे कान तापतात. म्हातारी पदराचं टोक पिळत राहते आणि मग हळूच म्हणते, "घर ऱ्हाऊ द्या वो बाई त्येंनाच. म्या लेकीकडं हाय, बरी हाय. पर नातीला भेटू देत न्हाईत. तिला म्या न्हाऊ घातलंय." दावा लागलाच नाही. तुम्ही मुलाला बोलावून घेतलंत, दुपारभर बसवून घेतलंत, त्याचंही तसंच ऐकलंत. पुढच्या बाजाराला नात आजीचं बोट धरून ऑफिसात आली. त्या संध्याकाळी तुम्ही तुमचा जुना काळा कोट माझ्या खांद्यावर टाकलात. बाह्या लांब होत्या. "दुमडून घे," म्हणालात.

तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली. अजून कुणी पक्षकार रडून गेला की वाटतं, आतल्या खोलीतून तुम्ही चहा सांगाल.

परवा हे सगळं मुलांना सांगितलं. कार्यक्रमानंतर वेल्ह्याची एक मुलगी जिन्यात थांबली होती. "मॅडम, घरचे म्हणतात, एवढं शिकून परत आलीस तर लोक हसतील. तुम्हाला हसले का?"

"हसले. आता तेच तारखा विचारायला येतात."

ती हसली नाही. खाली बघत म्हणाली, "मग मी आले तर चालंल तुमच्याकडं?"

मी हो म्हणाले, बाई. परतीच्या एसटीत खेड शिवापूर मागं पडलं तरी भीती जाईना. तिला काय शिकवणार मी? अजून तर मीच तुमच्याकडून शिकते आहे असं वाटतं. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि जे विचारायचं ते तुम्ही असताना सुचलं नाही. मी हात वर केला तेव्हा तुम्हीसुद्धा अशाच घाबरला होतात का?