माहेरचा दोष

विहीणबाई इंदूबाई यांना दौंडहून सरूबाईचा नमस्कार.

सुवर्णाच्या तोंडात कॅन्सर निघाला, तवा मी तुम्हाला फोनवर बोलले, "तुमच्याच घराण्यातून आणलाय."

आज डॉक्टरांनी रिपोर्ट समजावला. "कॅन्सरला आवर घालणारं जनुक गाठीत बिघडलंय."

मी लगेच विचारलं, "हिच्या आईकडूनच आलं ना?"

"नाही आजी. जन्मतः चांगलं होतं. तंबाखूनं बिघडवलंय."

बाळंतपणात तिची दाढ ठणकत होती, तवा तंबाखूची मिश्री लावायची सवय मीच लावली. ती नको म्हणत होती.

सुवर्णानं माझ्याकडं बघितलं, पण डॉक्टरांना काही सांगितलं न्हाई. "चला आत्या," म्हणाली आन् हाताला धरून मलाच जिना उतरवला.

तुमच्याकडं शिरूरला हे पत्र धाडायची हिंमत अजून होत न्हाई.

तुमच्या लेकीची सासू,
सरूबाई