गाडीवरचं माप

भूम, ९ मार्च २०२५

चि. वैष्णवीस, आप्पांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

मुरमाच्या आणि दगडगोट्यांच्या वाटेवर मोटारसायकल चालवणाऱ्या तमाम लेकींनो, तुमच्या अंगाचं माप आजवर कुणी घेतलेलं नाही. दुकानात टांगलेलं जाकीट बाप्याच्या खांद्याचं असतं. ते खांद्यात बसलं तर कमरेत ढगळ, आणि कमरेत बसलं तर त्यात हात हलत नाही. कापड कुठल्या तरी थंड मुलखासाठी विणलेलं. आपल्याकडच्या मार्चात ते घालणं म्हणजे घोंगडं पांघरून चुलीपुढं बसणं. मग लेकी जाकीट खुंटीला अडकवतात, तोंडाला ओढणी बांधतात आणि गाडीला किक मारतात.

हसू नकोस. सभा एका माणसाची असली तरी सभाच. डिसेंबरात डॉक्टरांनी गळ्यातली गाठ काढली आणि तिच्याबरोबर माझा आवाजही गेला, तेव्हापासून फोन माझ्या कामाचा राहिला नाही. मोबाईलवरची ती बारीक अक्षरं दाबायला माझी बोटं तयार होत नाहीत. चाळीस वर्षं शाळेत आणि तालुक्यातल्या चौकाचौकात ज्यानं भाषणं ठोकली, तो आता पाटीवर लिहून दूध मागतो. मी पाटी उचलेपर्यंत दूधवाला निघून गेलेला असतो.

मुद्द्यावर येतो. शेजारच्या सोनालीकडून कळलं की तू पवनचक्क्या तपासायला येडशीच्या माळावर रोज तीस-चाळीस किलोमीटर कच्च्या वाटेनं हिंडतेस आणि अंगात नुसता सुती शर्ट असतो. हेल्मेट आहे, मान्य. पण माणूस नुसता डोक्यावर पडत नाही. गाड्यांच्या सीटा शिवणाऱ्या आपल्या आयुबभाईंना मी पाटीवर विचारलं. ते म्हणाले की मास्तर, ट्रॅक्टरचं हूड शिवतो मी, लेकीचं जाकीट शिवणार न्हाय व्हय? माप तेवढं आणा.

तर मापाला कधी येतेस? दवाखान्यातून मला घरी सोडून गेलीस, त्यानंतर उंबरा ओलांडलेला नाहीस. आई गेल्यापासून हे घर तसंही दोघांचंच होतं.

लोभ आहेच, तो वाढवायला ये.

तुझा,
आप्पा


येडशी, १६ मार्च

ती. आप्पांस, वैष्णवीचा सा. न. वि. वि.

सभा पोचली. टाळ्या मी एकटीनंच वाजवल्या, खोलीत दुसरं कुणी नव्हतं. स्टेशनाजवळची ही खोली तशी बरी आहे. संध्याकाळी गाडी थांबली की खिडकीतून उतरणारी माणसं बघते. ती आपापल्या घरी जातात आणि मी खिडकी लावून घेते.

तुम्ही म्हणता ते खरं आहे. मी दोन जाकिटं घालून पाहिली. एक इतकं जाड की दुपारी चक्कर आली. दुसरं जाळीचं, हवेशीर, पण ढगळ. कोपराचा पॅड कोपरावर राहीना. आणि पडताना पॅड जागेवर नसेल तर तो असून नसल्यासारखाच. मग दोन्ही परत केली.

पॅडची सोय मात्र झाली. माझ्याबरोबर काम करणाऱ्या सिद्धेश्वरचं पोट सुटल्यामुळं त्याचं स्वतःचं नवंकोरं जाकीट त्याला होईना. त्यातले खांद्याचे, कोपराचे आणि पाठीचे पॅड त्यानं काढून दिले, वर गुडघ्याचेही दिले. म्हणाला की पॅड ने, पोट तेवढं मागू नको. भूमच्या एसटीत कंडक्टरजवळ पाठवते आहे.

मापाला येणं मात्र जमणार नाही. वाऱ्याचे दिवस यायच्या आत सगळे पंखे तपासून व्हायला हवेत, सुटी मिळत नाही. आपली उंची सारखी, बांधाही सारखा. लहानपणी लोक मला मास्तरांची सावली म्हणायचे. मग तुमचंच माप द्या की. आणि दूधवाल्याला थांबवायला शाळेतली जुनी घंटा आणा.

औषधं वेळेवर घ्या. रागावू नका, तेवढीच कृपा असू द्या.

तुमची,
वैष्णवी


भूम, २ एप्रिल

चि. वैष्णवीस, अनेक आशीर्वाद. वि. वि.

जाकीट आणि विजार तयार आहे. खांद्याला, कोपराला, गुडघ्याला जाड कॅनव्हास, छातीला आणि पाठीला जाळी, आत सिद्धेश्वरचे पॅड. वाऱ्याला वाट आहे आणि दगडाला नाही. कुठल्याही शहरातल्या दुकानानं हे शिवून दाखवावं.

तुझ्या सांगण्याप्रमाणं माप मीच दिलं. आयुबभाईंनी टेप लावला आणि मी सवयीनं छाती काढून, हात सरळ खाली सोडून उभा राहिलो. ते म्हणाले की मास्तर, भाषणाला उभं राहिल्यागत का हुबे राहिलात, इथं ऐकायला लई लोक न्हाईत. दुकानात सगळे हसले. मीही हसलो. पण माझं हसणं आता ऐकू येत नाही, खांदे हलवून दाखवावं लागतं.

परवा ईदला आयुबभाईंच्या घरून लालबींनी मला गिळता येईल असा पातळ शीरखुर्मा पाठवला. मी तो पोरक्या माणसासारखा उभ्यानंच ओट्यापाशी खाल्ला. पाडव्यालाही कुणी आलं नाही. मी बोलत होतो तोवर ओसरीवर माणसं मावायची नाहीत. आता त्यांनाही माझ्यापुढं काय बोलावं ते सुचत नसावं.

आयुबभाईंचा निरोप आहे की तीन आठवडे रोज वापरून जाकीट परत पाठव. कुठं काचतं ते घाम सांगतो, मग ते पक्कं करून देतील. आतल्या खडूच्या खुणा त्यासाठीच ठेवल्या आहेत. तेव्हा घाल, रोज घाल. माझा शब्द तुझ्या कानापर्यंत पोचत नाही, निदान हे तरी तुझ्या अंगावर असू दे.

तुझ्या वाटेकडं डोळे लावून,
आप्पा


येडशी, २७ एप्रिल

ती. आप्पांस सा. न. वि. वि.

जाकीट रोज घालते. छान बसलंय, कुठंही काचत नाही. सांगितल्याप्रमाणं सोबत परत पाठवते आहे. आयुबचाचांना सलाम सांगा. गडबडीत लिहिते आहे, अक्षराकडं पाहू नका.

तुमची,
वैष्णवी


भूम, ४ मे

चि. वैष्णवीस आशीर्वाद.

आयुबभाईंनी जाकीट उलटं केलं आणि उजेडाला धरलं. काखेत, कोपरात, पाठीवर त्यांच्या खडूच्या खुणा जशाच्या तशा होत्या. ते म्हणाले की मास्तर, ह्याला घाम लागलाच न्हाय. खडूबद्दल मला कुणी शिकवायला नको. ओल्या बोटाचा नुसता धक्का लागला तरी अक्षर पुसतं, हे मी चाळीस वर्षं फळ्यावर पाहिलं आहे. एप्रिलच्या उन्हात तीन आठवडे अंगावर राहिलेल्या जाकिटात खडू टिकत नाही.

आणि तुझं अक्षर मीच वळवलं आहे. मागच्या पत्रातली प्रत्येक ओळ शेवटी खाली घसरली आहे. पाचवीत झाडावरून पडून मनगट सुजलं होतं तेव्हा तुझ्या ओळी अशाच घसरत होत्या.

कुठं पडलीस? कधी? हाड मोडलं का?

आवाज गेलेल्या माणसाला खोटं सांगणं सोपं असतं, तो लगेच ओरडत नाही. पण मी वाचतो, वैष्णवी. आता दिवसभर तेवढंच करतो. तुझी पाच ओळींची चिठ्ठी मी आठवडाभर वाचली. माझा एकटेपणा मी सोसेन. ह्या पत्रांतही तू खरं बोलणार नसशील, तर मग माझ्याशी बोलणारं कुणीच उरत नाही.

आप्पा


येडशी, ११ मे

ती. आप्पांस सा. न. वि. वि.

बावीस एप्रिलला पडले. सात नंबरच्या पंख्याकडं जाणारा उतार आहे, तिथं पुढचं चाक सुट्या मुरमात गेलं. हाड मोडलं नाही. उजवं कोपर आणि मनगट सोललं, दहा टाके पडले. जाकीट तेव्हा खोलीत खुंटीला होतं.

पहिल्या दिवशी मी ते घातलं होतं, आप्पा. गावातून निघेपर्यंत राणीसारखं वाटलं. माळावर चढले आणि पायदानावर उभी राहिले. खडकाळ वाटेत सीटवर बसून चालत नाही, गुडघे वाकवून, पुढं झुकून, कोपरं बाहेर काढून गाडी हाकावी लागते. तशी झुकले आणि बाह्या सरकून वर आल्या, कोपराचा पॅड दंडावर गेला, गुडघ्याचा मांडीवर. पाठीला इतकं आवळलं की हँडल वळेना. पंधरा मिनिटांत काढून पाठीमागं बांधलं.

तसं लिहिणार होते. पण तुम्ही उन्हात दुकानात उभं राहून ते माप दिलं होतं. चुकलं असं लिहायला हात धजेना.

आता उरलेलंही सांगते. सुटी मिळत नाही हेही खोटं होतं. फेब्रुवारीत एका रविवारी भूमपर्यंत आले होते. स्टँडवर उतरून आपल्या गल्लीच्या तोंडापर्यंत चालत गेले. लहानपणी तिथूनच तुमचा आवाज ऐकू यायचा, कुणाशी तरी वाद घालताना. त्या दिवशी काही ऐकू आलं नाही. मी तिथूनच मागं फिरले आणि पुढच्या एसटीत बसले. त्या शांत घरात शिरायची मला भीती वाटते.

मोठी चूक झाली. पदरात घ्या.

तुमची,
वैष्णवी


भूम, १४ मे

चि. वैष्णवीस, अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आयुबभाईंना वाचायला दिलं, पहिलं पान तेवढं. त्यांनी लगेच जाकीट माझ्या अंगात चढवलं, दुकानापुढं लावलेल्या एका गाडीवर मला उभं केलं आणि हँडल धरायला लावलं. भर बाजारात अडुसष्ट वर्षांचा मास्तर पायदानावर. बाह्या कोपरापर्यंत आल्या. ते कपाळाला हात लावून म्हणाले की अल्ला, आपण तर भाषण करणाराचं जाकीट शिवलं.

चूक तुझी नाही. आयुष्यभर मी ताठ उभा राहून लोकांना सांगत आलो, वाकून, झुकून, तोल सांभाळून चालणाराचं अंग कसं असतं ते मी पाहिलंच नाही. माझ्या मापात तुला बसवलं. बाह्या चार बोटं लांब हव्यात, कोपराला आणि गुडघ्याला आधीच बाक हवा, पाठीवर ताणणारी पट्टी हवी. कॅनव्हास आणलेला आहे. आता माप माझं चालणार नाही.

दुसरं पान मी कुणाला दाखवलेलं नाही. घर शांत आहे, ते खरं. मीही त्या शांततेला भितो, म्हणून दिवस दुकानात काढतो. तू आलीस तरी माझा आवाज यायचा नाही. पण शाळेतून ती जुनी घंटा मी खरंच आणली आहे. गल्लीच्या तोंडाशी थांब आणि हॉर्न दे. मी घंटा वाजवीन. ती ऐकू आली की पुढं ये.

रविवारी, अठरा तारखेला, गाडी घेऊन ये. कोपर दुखत असेल तर सिद्धेश्वरला हाकू दे, तू मागं बस. आयुबभाईंच्या दुकानापुढं गाडी स्टँडला लाव, पायदानावर उभी राहा, माळावर झुकतेस तशी झुक, आणि तुझं माप दे.

घंटेजवळ बसलेला,
आप्पा